ओळखीच्या खणात मोजमाप कोंबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या विज्ञान पुरवणीत सेन्सरवाल्या आरएफआयडी टॅगवर, म्हणजे वस्तूला चिकटवलेल्या आणि रेडिओ लहरीवर आपला नंबर सांगणाऱ्या चिपवर, लेख आला, वाचून बरं वाटलं कारण या विषयावर मराठीत कुणी फारसं लिहीत नाही, पण त्यातला एक मुद्दा मला दोन दिवस खटकत राहिला म्हणून हे पत्र. मुद्दा असा होता की रीडर, म्हणजे हे टॅग वाचणारी यंत्रं, सगळीकडे आधीच लागलेले आहेत, तेव्हा आता फक्त टॅग बदलायचे, नंबराबरोबर तापमान नि ओलावा आपोआप यायला लागेल. यातलं रीडरचं म्हणणं अगदी खरं आहे. "आपोआप" मात्र खरं नाही, आणि त्या एका शब्दापायी बसवलेलं अख्खं काम उखडून परत करावं लागलेलं मी जवळून बघितलंय.

माझं काम गोदामांमधे रीडर आणि अँटेना बसवायचं आणि त्यामागचं सॉफ्टवेअर जुळवायचं. रोज टॅग हातात असतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी चांगलं सांगतो. कल्पना खरंच सोन्यासारखी आहे. गोदामाच्या दारात, लायब्ररीच्या काउंटरवर, कारखान्यातल्या कन्व्हेयरवर रीडर लागलेले असतात, त्यांचं वायरिंग झालेलं असतं, नेटवर्क जोडलेलं असतं, आणि दिवसभर ते समोरच्या प्रत्येक टॅगला "तू कोण" एवढं एकच विचारत बसतात. त्याच दमात "कसा आहेस" हेही विचारता आलं तर तापमान मोजायला वेगळे वायरलेस सेन्सर, त्यांचे वेगळे गेटवे, त्यांच्या बॅटऱ्या, त्या बॅटऱ्या बदलत फिरणारा माणूस, हे सगळं वाचतं. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालायचं काहीच कारण नाही.

आणि ही गोष्ट काही काल-परवा सुचलेली नाही. १९४५ साली मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला सोव्हिएत शाळकरी मुलांच्या हातून लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट मिळाली, ती त्यानं घरात भिंतीवर लावली आणि १९५२ पर्यंत तिच्या आत काय दडलंय ते कुणाला सापडलं नाही. आत लिऑन थेरेमिननं बनवलेलं उपकरण होतं. बॅटरी नाही, वायर नाही, नुसती धातूची पोकळ डबी, तिच्यावर एक पातळ पडदा आणि एक अँटेना. बाहेरून रेडिओ लहर सोडली की डबी जागी व्हायची, खोलीतल्या बोलण्यानं पडदा थरथरायचा, त्यानं डबीचं ट्यूनिंग हलायचं आणि परत फिरणाऱ्या लहरीवर ते बोलणं उमटायचं. हेरगिरीचा भाग सोडून द्या, पण तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर "मी अमुक नंबरचा" सांगणारा टॅग यायच्या कितीतरी आधी मोजमाप सांगणारा टॅग होऊन गेलाय. परावर्तित लहरीवरून संदेश पाठवायच्या कल्पनेवर हॅरी स्टॉकमनचा प्रसिद्ध पेपर आला तोही १९४८ चा.

आजचा बिनबॅटरीचा यूएचएफ टॅग त्याच तत्त्वावर चालतो. रीडर ८६० ते ९६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली लहर सोडतो, टॅग त्यातूनच थोडी वीज काढून आपली चिप जागी करतो आणि लहर कमी-जास्त परतवत उत्तर देतो, स्वतःहून काही प्रक्षेपित करत नाही. आता जरा हिशोब करून बघा. मोकळ्या जागेत, ९१५ मेगाहर्ट्झला, अँटेनाचा जोर धरून रीडरनं ४ वॉट सोडले तर १० मीटरवरच्या चांगल्या टॅगच्या वाट्याला येतात साधारण ४० मायक्रोवॉट, म्हणजे सोडलेल्याचा एक लाखावा भाग. त्यातलीही बरीच वीज एसीचं डीसी करण्यात खर्ची पडते. नुसता नंबर सांगणारी चिप याहून कितीतरी कमीत भागवते म्हणून ती लांबून वाचली जाते, पण सेन्सर, त्याचा एडीसी म्हणजे मोजमापाचा आकडा करणारा भाग, कधी एखादा मायक्रोकंट्रोलर म्हणजे चिमुकला कॉम्प्युटर, हे सगळं त्याच चिमूटभर वीजेवर चालवायचं म्हटलं तर आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. अंतर दुप्पट झालं की वीज चौथाई होते, त्यामुळे सेन्सर टॅग साध्या टॅगपेक्षा जवळूनच वाचला जाणार, यात कुणाची चूक नाही, ते भौतिकशास्त्रच तसं आहे. पण म्हणूनच "रीडर आधीच लागलेत" हे वाक्य अर्धवट पडतं, कारण ते लागलेत साध्या टॅगचं अंतर धरून. दाराच्या दोन बाजूंच्या अँटेना नंबर वाचायला पुरतात आणि त्याच दारातून जाणाऱ्या सेन्सर टॅगला मधल्या पट्ट्यात वीज पुरत नाही, हे मी मीटर हातात धरून बघितलंय.

यावर संशोधकांनी फार सुंदर डोकं चालवलेलं आहे. २००० च्या दशकात इंटेलच्या सिएटलमधल्या प्रयोगशाळेत एक टॅग केला होता, त्यात एकाच अँटेनाला दोन वेगवेगळ्या नंबरांच्या चिप जोडलेल्या आणि मधे पाऱ्याचे दोन स्विच. टॅग एका बाजूला कलला की पारा घरंगळून एक चिप अँटेनाला जोडली जाणार, दुसऱ्या बाजूला कलला की दुसरी. रीडरमधे काही म्हणजे काही बदल नाही, त्याला कधी हा नंबर दिसतो कधी तो, त्यावरून वस्तू कुठल्या बाजूला कललीय ते आपण ओळखायचं. एक बिटचा, म्हणजे हे की ते एवढंच सांगणारा सेन्सर, पण जुन्या सिस्टमवर मोजमाप पाठवणं म्हणजे काय हे समजायला याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही. पुढे तिथेच आणि वॉशिंग्टन विद्यापीठात मिळून विस्प नावाचा प्रकार झाला, त्यात चिपच्या जागी एमएसपी४३० मायक्रोकंट्रोलर बसवला आणि हालचाल, तापमान वगैरेचे आकडे थेट टॅगच्या नंबराच्या बिटांमधे भरून पाठवले. बाजारात मिळणारा साधा रीडर ते वाचायचा, त्याला वाटायचं नंबर आहे, आणि त्या नंबरातून कॉम्प्युटर आकडा काढून घ्यायचा.

प्रयोगशाळेसाठी ही युक्ती लाजवाबच आहे, माझी त्यावर काही तक्रार नाही. पण टेबलावर एक टॅग असतो नाहीतर पाच असतात आणि समोरच्या प्रत्येकाला माहीत असतं की हा आकडा म्हणजे नंबर नव्हे. तीच युक्ती उचलून गोदामाच्या चालत्या सिस्टमवर टाकली की घोडं पेंड खातं, आणि मला जे सांगायचंय ते हेच आहे.

टॅगचा नंबर, म्हणजे ईपीसी, बहुतेक वेळा ९६ बिटांचा असतो आणि त्याची मांडणी ठरलेली असते. सगळ्यात जास्त चालणाऱ्या एसजीटीआयएन-९६ नावाच्या मांडणीत पहिले ८ बिट हेडरचे, मग ३ फिल्टरचे, ३ पार्टिशनचे, कंपनी आणि वस्तू मिळून ४४, आणि शेवटचे ३८ बिट सिरियल नंबरचे. ३८ बिट म्हणजे २७ हजार कोटींच्या वर नंबर होतात. आता एवढे नंबर कुठल्या एका वस्तूला लागणार आहेत, तेव्हा शेवटचे आठ बिट तापमानाला दिले तर काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं असतं.

आम्ही ज्या ठिकाणी काम करत होतो तिथे टॅग पुरवणाऱ्यानं हेच केलं. दोन्ही नावं सांगत नाही, नावाचा इथे प्रश्न नाही. थंड खोलीत राहणाऱ्या मालाची खोकी, प्रत्येकावर एक सेन्सर टॅग, आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरातली शेवटची दोन अक्षरं, म्हणजे तेच आठ बिट, तापमानाची. टेबलावर दाखवलं तेव्हा सगळे खूश झाले. मी स्वतः टॅगवर अंगठा दाबून धरला, शेवटी १४ होतं त्याचं १५ झालं, मग १६, मग १७, अंगठा काढला तसं परत हळूहळू खाली आलं. रीडर जुना, सॉफ्टवेअर जुनं, एक वायर नवी टाकली नाही. कुणाच्या मनात शंका यायचं कारणच नव्हतं.

मग खरा माल आला. पॅलेटवर ४० खोकी, मी हातानं मोजलेली, फोर्कलिफ्ट दारातून आत गेली आणि स्क्रीनवर आलं ७. पॅलेट मागे घेतली, परत आत नेली, परत ७. आम्हाला वाटलं वाचत नाहीयेत, म्हणून अँटेनांचे कोन बदलले, पॉवर वाढवली, एक केबल बदलली, दोन तास त्यात गेले आणि आकडा ९ च्या वर जाईना. शेवटी मी मिडलवेअर, म्हणजे रीडर आणि मालाची सिस्टम यांच्या मधलं सॉफ्टवेअर, बाजूला ठेवून रीडरचा कच्चा लॉग उघडला तर तिथे शेकडो वाचनं होती, टॅग धडाधड उत्तरं देत होते. फक्त एकच नंबर एकाच क्षणी इतक्या वेगवेगळ्या सिग्नलनं येत होता की तो एक टॅग असणं शक्यच नव्हतं. मग प्रत्येकाचा टीआयडी वाचला. टीआयडी म्हणजे कारखान्यातच कुलूपबंद होऊन आलेला चिपचा स्वतःचा नंबर, तो कुणाला बदलता येत नाही. टीआयडी निघाले बरोबर ४० वेगवेगळे.

झालं असं होतं की टॅग एका रोलवरून आलेले, त्यामुळे सिरियल नंबर ओळीनं, म्हणजे एका टॅगमधे नि शेजारच्या टॅगमधे फरक होता तो फक्त शेवटच्या त्या दोन अक्षरांचाच, आणि नेमकी तीच पुसून तिथे तापमान बसवलेलं. मग ज्या खोक्यांचं तापमान सारखं त्यांचा नंबरही सारखा. ४० खोक्यांमधे सात वेगवेगळी तापमानं होती म्हणून स्क्रीनवर सात खोकी. थोड्या वेळानं बाहेरच्या बाजूची खोकी जरा गरम झाली तशी सात तापमानांची नऊ झाली, म्हणून नऊ खोकी. आणि दर वेळी एखाद्या खोक्याचा आकडा हलला की सिस्टम म्हणायची जुनं खोकं हरवलं आणि एक नवीन आलं जे कुणी मागवलंच नव्हतं. माल समोर जागेवर आहे, हात लावून बघता येतो, आणि नोंदीत तो नाही. संध्याकाळपर्यंत तिथल्या स्टोअरच्या माणसानं वही काढून पेननं लिहायला सुरुवात केली होती, आणि त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

कुणीतरी सुचवलं की मिडलवेअरमधे शेवटची दोन अक्षरं झाकून टाकू, म्हणजे नंबर हलणार नाही. बरोबर, हलणार नाही, पण मग ओळीनं आलेली सगळीच्या सगळी खोकी मिळून एक खोकं होतं. ईपीसीतली ओळख एकदा पुसली की ती कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत आणता येत नाही. ते सगळे टॅग काढले गेले.

म्हणून सांगतो, टॅगच्या मेमरीकडे चार खणांच्या कपाटासारखं बघा. २००४ मधे आलेल्या यूएचएफ टॅगच्या जेन-टू मानकातच ही मांडणी आहे: एक खण पासवर्डचा, एक ईपीसीचा म्हणजे वस्तूच्या ओळखीचा, एक टीआयडीचा म्हणजे चिपच्या ओळखीचा, आणि चौथा यूजर मेमरीचा, जो वापरणाऱ्यासाठीच मोकळा ठेवलाय. मोजमापाची जागा या चौथ्या खणात आहे. रीडर आधी नेहमीसारखा ईपीसी वाचतो, मग त्याच टॅगला "अमुक खणातल्या अमुक शब्दापासून इतके शब्द वाच" असा मानकातलाच रीड आदेश देतो. एक शब्द १६ बिटांचा, तापमानाला दहा-बारा बिट बास होतात, म्हणजे एकच शब्द जास्तीचा वाचायचा. आणि यासाठी रीडर बदलावा लागत नाही. बरेच फिक्स्ड रीडर एलएलआरपी नावाच्या प्रोटोकॉलनं चालतात, त्यात एक ॲक्सेसस्पेक, म्हणजे टॅगमधलं काय वाचायचं त्याची सूचना, लिहून टाकला की समोर येणाऱ्या प्रत्येक टॅगचा तो शब्द रीडर स्वतःच वाचून नंबराच्या शेजारी वेगळ्या रकान्यात देतो. नंबर हलत नाही, मोजणी चुकत नाही, मालाची सिस्टम आहे तशी चालू राहते आणि ज्याला तापमान हवंय तो शेजारचा रकाना बघतो. जुन्या सिस्टमवर मोजमाप पाठवायचं ते असं.

हे इतकं सरळ असताना लोक ईपीसीत का कोंबतात, तर दोन कारणं मला दिसतात. एक म्हणजे डेमो. ईपीसीत आकडा हलताना कुठल्याही रीडरवर, कुठल्याही फुकटच्या सॉफ्टवेअरवर लगेच दिसतो, सेटिंग काही करावं लागत नाही. दुसरं कारण खरं आहे आणि ते मी नाकारत नाही, ते म्हणजे वेळ. फोर्कलिफ्ट सेकंदाला २ मीटरनं चाललीय आणि अँटेनांचा पट्टा ३ मीटरचा आहे तर सगळ्या टॅगना मिळून दीड सेकंद मिळतो. नुसता ईपीसी काही मिलिसेकंदांत होतो, पण त्यापुढे रीड म्हटलं की टॅगकडून आधी एक हँडल, म्हणजे त्या बोलण्यापुरता तात्पुरता नंबर, मागायचं, मग आदेश द्यायचा, मग उत्तर घ्यायचं, आणि काही सेन्सर चिपना मोजायच्या आधी थोडा वेळ सलग वीज लागते, आणि रीडरनं मधेच फ्रिक्वेन्सी बदलली की लहर क्षणभर तुटते आणि त्या टॅगला परत पहिल्यापासून सुरुवात. दारातून धावत जाणाऱ्या पॅलेटवर सगळ्यांचं तापमान मिळेलच असं नाही. पण यावर उपाय ओळख पुसणं हा नव्हे. दारात फक्त नंबर घ्या आणि तापमान जिथे माल थांबतो तिथे घ्या, रॅकपाशी, थंड खोलीच्या आत, कन्व्हेयर जिथे हळू होतो तिथे. आम्ही नंतर तसंच केलं.

इथे अजून एक गोष्ट विकत घेणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवी. काही सेन्सर चिपना मोजमाप द्यायला त्यांचे स्वतःचे खास आदेश लागतात, मानकातला साधा रीड चालत नाही. ते आदेश प्रत्येक रीडरला येतात असं नसतं, मग फर्मवेअर म्हणजे रीडरच्या आतलं सॉफ्टवेअर बदला, नाहीतर रीडरच बदला, आणि "आहे त्या सिस्टमवर" हा सगळा मुद्दाच निकालात निघतो. ज्या चिप आपला आकडा साध्या मेमरीच्या पत्त्यावर ठेवतात आणि साध्या रीडनं देतात त्याच जुन्या रीडरच्या कामाच्या. चिप निवडताना हा पहिला प्रश्न असला पाहिजे, अचूकता वगैरे त्यानंतर.

लेखात लशींचा उल्लेख होता, त्याबद्दल तर मला फार कळकळीनं लिहायचंय. बऱ्याच लशी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, आणि ज्यांच्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात त्या एकदा गोठल्या की बाद होतात, परत वितळल्या तरी उपयोग नाही. आता बिनबॅटरीच्या टॅगला रीडर समोर नसताना वीजच नसते. तो तेव्हा काही मोजत नाही, काही लिहीत नाही, त्याच्याकडे घड्याळसुद्धा नाही. रात्री गोठून गेलेली लस सकाळी दारातून ५ अंशावर जाते आणि टॅग प्रामाणिकपणे सांगतो ५ अंश. स्क्रीनवर हिरवा दिवा. त्या दिव्यावर विश्वास ठेवून ती कुणाच्या तरी बाळाला टोचली जाते. टॅगनं जे सांगितलं ते त्या क्षणाचं सांगितलं, मधल्या रात्रीबद्दल तो काहीच बोललेला नाही, आणि काहीच न बोलणं म्हणजे सगळं ठीक असा अर्थ सॉफ्टवेअरनं काढला तर तो घातक आहे. ज्या क्षणांचं मोजमाप नाही ते स्क्रीनवर "माहीत नाही" म्हणून वेगळ्या रंगात दिसलं पाहिजे, असा मी प्रत्येक ठिकाणी आग्रह धरतो आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी म्हणतं की त्यानं स्क्रीन वाईट दिसते.

मधल्या रात्रीची नोंद हवी असेल तर बॅटरी लागतेच. बॅटरीवर चालणारी, स्वतःचं घड्याळ असलेली, ठरावीक वेळानं नोंद करणारी आणि तरीही साध्या यूएचएफ रीडरशी बोलणारी चिप मिळते, ती वापरावी. पण तिथेही एक हिशोब करून ठेवा. टॅगमधली मेमरी ईईप्रॉम प्रकारची, म्हणजे वीज गेली तरी नोंद टिकवणारी, असेल तर एका जागी साधारण १ लाख वेळा लिहिता येतं, बऱ्याच चिपच्या माहितीपत्रकात हाच आकडा असतो. दर मिनिटाला एक नोंद म्हणजे दिवसाला १४४०, म्हणजे एकाच जागी लिहीत राहिलात तर ७० दिवसांच्या आत ती मर्यादा संपते. जागा फिरवत लिहिलं तर काही प्रश्न नाही. विकणाऱ्याला विचारा की तुमचं फर्मवेअर जागा फिरवतं का, आणि त्यानं लगेच उत्तर दिलं नाही तर फिरवत नाही असं समजा.

टॅगच्या अँटेनालाच सेन्सर बनवायचा प्रकारही आहे, तो मला मनापासून आवडतो. अँटेनाजवळ ओल आली की तिचं ट्यूनिंग हलतं, चिप ते परत जुळवून घेते आणि किती जुळवावं लागलं तो आकडा सांगते. वेगळा सेन्सर नाही, बॅटरी नाही. गाडीच्या असेंब्ली लाइनवर दारं-खिडक्यांतून पाणी आत शिरतंय का ते बघायला हे वापरलं गेलंय, आणि असल्या "कोरडं की ओलं" प्रश्नाला ते उत्तम आहे. पण नुसता सिग्नल किती जोरात आला यावरून ओलावा ठरवू म्हणाल तर फसाल, कारण पुठ्ठा भिजला तरी सिग्नल पडतो आणि खोकं जरासं सरकलं तरी पडतो, दोन्हीत फरक करता येत नाही. चिपवरच्या तापमानाचंही तसंच, टॅग रीडरच्या अगदी तोंडाशी असला की चिपला मिळणारी जास्तीची वीजच आकडा बिघडवते, आणि फार लांब असला तर मोजायला पुरेशी वीज नसते. म्हणून प्रत्येक आकड्याबरोबर टॅगला वीज किती मिळत होती तेही घ्यावं आणि बरोबर पट्ट्यातलेच आकडे धरावेत. ज्या चिप स्वतःला मिळालेल्या सिग्नलचा आकडा देतात त्यांच्यात हे सहज जमतं.

हे सगळं नीट केलं की किती छान चालतं त्याचं उदाहरण लाखो लोकांच्या दंडावर आहे. मधुमेहाच्या रुग्णांसाठी निघालेला फ्रीस्टाइल लिब्रे सेन्सर सुरुवातीला १३.५६ मेगाहर्ट्झच्या एनएफसीवर वाचला जायचा, म्हणजे हाही आरएफआयडीचाच भाऊ, आणि रीडर म्हणजे त्याचं छोटं यंत्र नाहीतर खिशातला फोन. त्या सुरुवातीच्या मॉडेलमधे सेन्सर स्वतःच्या बॅटरीवर साखर मोजत राहायचा, शेवटच्या ८ तासांच्या नोंदी मेमरीत ठेवायचा आणि रीडर जवळ नेला की त्या सगळ्या द्यायचा. सेन्सरची ओळख वेगळी, नोंदी वेगळ्या, आणि रीडर समोर नसतानाच्या वेळाचाही हिशोब ठेवलेला. मी वर जे जे लिहिलं ते सगळं यात आहे.

राहता राहिला मुद्दा आकड्याच्या अर्थाचा. यूजर मेमरीत १६ बिट आले, ठीक, पण त्याचे अंश कसे करायचे? कुणी चौथाई अंशाचे टप्पे ठेवतो, कुणी शून्याखालचे आकडे वेगळ्या पद्धतीनं लिहितो, कुणाचा प्रत्येक चिपचा कॅलिब्रेशनचा आकडा तिसऱ्याच पत्त्यावर असतो. सेन्सर आणि बॅटरीची माहिती टॅगमधे कशी लिहायची यासाठी आयएसओ-आयईसी २४७५३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, तरीसुद्धा माझ्या हातात येणाऱ्या टॅगपैकी बहुतेकांचं सूत्र विकणाऱ्याकडे मागावं लागतं आणि कधी कधी ते कागदावर सही करून घेतल्याशिवाय मिळत नाही. ज्या दिवशी तो विकणारा धंदा बंद करेल त्या दिवशी त्या टॅगांतले आकडे नुसते आकडे राहतील. पैसे देऊन घेतलेल्या टॅगमधलं आपलंच मोजमाप आपल्याला वाचता येऊ नये हे मला अजिबात पटत नाही. खरेदीच्या करारात एक ओळ घालावी, की आकडा कुठल्या पत्त्यावर आहे, किती बिटांचा आहे आणि त्याचं अंशात रूपांतर कसं करायचं हे लेखी मिळाल्याशिवाय माल स्वीकारला जाणार नाही. आणि हो, हा टॅग कुणीही रीडर घेऊन वाचू शकतो का हेही त्याच वेळी विचारा, कारण २०१३ मधे आलेल्या जेन-टूच्या दुसऱ्या आवृत्तीत ओळख पडताळायची आणि माहिती लपवायची सोय आहे पण ती ऐच्छिक आहे, प्रत्येक चिपमधे असतेच असं नाही.

तुमच्या पुरवणीला विनंती आहे की यापुढे अशा टॅगबद्दल छापाल तेव्हा तो मोजमाप कुठल्या खणात ठेवतो आणि रीडर समोर नसताना काय करतो या दोन गोष्टी लेखकाला जरूर विचाराव्यात, वाचणाऱ्यांत असे टॅग विकत घेणारेही असतात.

आम्ही आता कुठलाही सेन्सर टॅग घ्यायच्या आधी एक साधी चाचणी करतो, वाचकांपैकी कुणाला उपयोगी पडली तर बघा. एकाच रोलवरचे ओळीनं ४० टॅग घ्यायचे, २० थंड जागी ठेवायचे, २० बाहेर, तासाभरानं सगळे एकत्र आणून रीडरसमोर धरायचे आणि मोजायचे. मग अर्धा तास तसेच राहू द्यायचे, सगळ्यांचं तापमान सारखं झालं की परत मोजायचे. दोन्ही वेळा स्क्रीनवर ४० आले पाहिजेत, तेच ४०, आणि शेजारच्या रकान्यात तापमानं बदललेली दिसली पाहिजेत. ३९ आले तरी आम्ही तो रोल परत पाठवतो.

आपला,
गोदामात रीडर बसवणारा एक वाचक